नटाचे शील आणि नाटकाचे शील

मराठी रंगभूमीवरील एखादे नाटक वादाच्या भोवऱ्यात सापडले म्हणजे तो वाद फार वेळ नाटकापाशी थांबत नाही. तो लवकरच नटाच्या घराकडे वळतो. नाटकात शिवी आली, मद्याचा पेला आला, स्त्रीपुरुषसंबंधाचा उघड उल्लेख आला की ‘हे नाटक काय सांगते?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘हे बोलणारी माणसे आहेत तरी कोण?’ हा पुढे येतो. मग त्या माणसांचे कूळ निघते, विवाह निघतात, त्यांच्या रात्रीच्या बैठकींच्या कहाण्या निघतात. आणि एवढे सर्व निघाल्यावर नाटक पाहण्याची गरजच कोणास उरत नाही.

या वृत्तीच्या मुळाशी दोन समजुती आहेत. पहिली अशी की, ज्याचे खाजगी वर्तन शुद्ध नाही त्याने कितीही उदात्त भूमिका केली तरी ती बाटलेलीच होय. दुसरी अशी की, जो रंगमंचावर हीन भाषा बोलतो व हीन कृत्ये करून दाखवितो, तो मनानेही हीन असलाच पाहिजे. आमच्या मते या दोन्ही समजुती खोट्या आहेत. परंतु त्यांस उत्तर म्हणून कलावंतांच्या गोटातून जी तिसरी समजूत पुढे करण्यात येते, की कलावंतास नीतीचा कोणताच प्रश्न कोणी विचारू नये, तीही आम्हांस तितकीच अमान्य आहे. या तिहींचाही समाचार घेण्याचे आम्ही योजिले आहे.

नटाविषयीचा संशय आजकालचा नव्हे. मनुस्मृतीने साक्षीस अपात्र ठरविलेल्या लोकांत कारागिरांच्या जोडीने कुशीलवास, म्हणजे नटास, बसविले आहे. ग्रीसमध्ये प्लेटोने आपल्या आदर्श नगरातून अनुकरण करणाऱ्या कवीस निरोप दिला. रोममध्ये नटाच्या धंद्यासच अप्रतिष्ठा चिकटलेली होती. फ्रान्समध्ये १६७३ साली मोलियेर मरण पावला, तेव्हा मरणापूर्वी त्याने नटाचा धंदा विधिपूर्वक टाकला नव्हता म्हणून धर्माधिकाऱ्यांनी त्याचे दफन नाकारले. राजाने शब्द टाकल्यावर ते रात्रीच्या वेळी उरकण्यात आले. ज्याच्या नाटकांवर आज सारे फ्रेंच राष्ट्र अभिमानाने डोलते, त्याला मूठभर मातीसाठी राजाची शिफारस लागली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पण सर्वांत बोधप्रद कथा आपल्याच घरची आहे, आणि ती नाट्यशास्त्राच्या अखेरच्या अध्यायात आहे. भरताच्या पुत्रांनी विद्येच्या मदात ऋषींची टवाळी करणारे ग्राम्य प्रयोग केले. ऋषी संतापले व त्यांनी शाप दिला की, तुमचे ज्ञान नष्ट होईल आणि तुम्ही शूद्रत्वास जाल. या कथेतील न्याय पाहावा. अपराध घडला तो प्रयोगात. शिक्षा झाली ती जन्मास. प्रयोग वाईट होता, तर तो बंद पाडता आला असता; त्याची निर्भर्त्सना करता आली असती; त्याहून चांगले नाटक लिहून त्याला उत्तर देता आले असते. तसे काहीएक न होता नटांचे कूळच हलके ठरले. आज नाटकावर रागावलेला मनुष्य नटीच्या आईबापांची चौकशी करू लागतो, तेव्हा तो त्या ऋषींचाच शाप पुन्हा उच्चारीत असतो; फरक इतकाच की, ऋषींनी तो प्रयोग निदान स्वतः पाहिला होता.

दुसरी समजूत आधी घेऊ, कारण ती अधिक भाबडी आहे. १९१९ साली गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणला व त्यात गणपतराव बोडसांनी सुधाकराचे काम केले. दारूपायी जो स्वतःच्या अपत्याच्या व पत्नीच्या मरणास कारण होतो, असा तो मनुष्य. ते काम पाहून ज्या प्रेक्षकांस पेल्याची किळस आली, त्यांस ती बोडसांच्या नीतिपाठाने आली काय? ती आली मद्यप्याचे बरळणे, त्याची लाचारी, त्याचा पश्चात्ताप व पुन्हा पेल्याकडे जाणारा त्याचा हात ही सर्व हुबेहूब वठविल्यामुळे. सुधाकर बेतानेच प्यालेला दाखवावा, त्याने सभ्य भाषेतच बरळावे, असे कोणी म्हटले असते, तर त्या नाटकाचा सगळा नीतिबोध पेल्याबरोबर ओतून टाकावा लागला असता. दुर्गुण खरा दाखविल्यावाचून त्याचा तिटकारा उत्पन्न होत नाही, आणि तो खरा दाखविणारा कोणीतरी नटच असावा लागतो.

निळू फुले यांचे उदाहरण तर पुष्कळांच्या आठवणीतले आहे. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेला, आपल्या मिळकतीतला वाटा सामाजिक कामास देणारा हा मनुष्य. परंतु लंपट पाटील व कपटी पुढारी त्यांनी पडद्यावर व रंगमंचावर इतके खरे उभे केले की, खेडोपाडी बायाबापड्या त्यांच्याकडे धास्तीने पाहात. भाबड्या प्रेक्षकाची ती धास्ती ही त्या नटाच्या कौशल्यास मिळालेली पावती होती. परंतु शिकल्यासवरल्या टीकाकारानेही त्याच धास्तीने लिहावयास बसावे, याला काय म्हणावे? ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली आले, तेव्हा त्यातील विलासी नाना फडणवीस रंगविणारे मोहन आगाशे हे व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ. भूमिकेवरून नटाचे शील ठरवावयाचे, तर या गृहस्थाकडे कोणी रोगी फिरकावयास नको होता.

शिवाय ही समजूत खरी मानली तर तिची उलट बाजूही खरी मानावी लागेल. रावणाचे काम करणारा रावण होत असेल, तर रामाचे काम करणाऱ्यास एकपत्नीव्रताचा दाखला देऊन टाकावा. तसा दाखला आजवर कोणी दिलेला नाही. म्हणजे सद्गुण हे नटाचे सोंग आणि दुर्गुण मात्र नटाचा स्वभाव, असा हा अजब हिशेब आहे. आमच्या रसशास्त्राने या प्रश्नाचा निकाल कधीच लावून ठेवला आहे. अभिनवगुप्ताने रसाचे स्थान नटाच्या ठिकाणी न मानता प्रेक्षकाच्या ठिकाणी मानले, आणि नटास ‘पात्र’ का म्हणतात याचा खुलासाही मोठ्या मार्मिकपणे केला: मद्याची चव मद्याच्या भांड्यास लागत नाही. ज्या भाषेत ‘पात्र’ हा शब्द रोज वापरला जातो, त्या भाषेच्या प्रेक्षकांस ही गोष्ट पुन्हा सांगावी लागावी, हे काही भूषणावह नाही.

येथे आमचे आक्षेपक म्हणतील, ‘नटास सोडले, पण नाटकातील घाण ती घाणच ना?’ हा प्रश्न योग्य आहे, आणि तो नाटकास विचारलेला असल्यामुळे आम्हांस तो विचारला गेल्याचा आनंदच वाटतो. मात्र त्याचे उत्तर शब्द मोजून मिळत नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’चा प्रयोग १९७२ च्या मार्च महिन्यात मुंबईस झाला. पुस्तके बांधणारा, नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा सखाराम निळू फुले यांनी केला. शिव्या देणारी, दारू पिणारी, आपल्या देहाची लाज सोडलेली चंपा लालन सारंग यांनी केली. थोड्याच प्रयोगांनंतर परिनिरीक्षण मंडळाने आडकाठी घातली. दिग्दर्शक कमलाकर सारंग यांस उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि तेथे निकाल नाटकाच्या बाजूने लागला.

आता त्या नाटकात भयंकर असे काय आहे ते पाहा. त्यातील लक्ष्मी देवभोळी आहे. तिच्या तोंडी शिवी नाही. मुंग्यांशी ती मायेने बोलते. चंपेची वार्ता सखारामाच्या कानी घालून त्याच्या हाताला खुनाची वाट दाखविणारी हीच लक्ष्मी, आणि खून झाल्यावर प्रेत पुरण्याची घाई करणारीही हीच. ज्यांनी नाटकातील शिव्या मोजल्या त्यांच्या मोजणीत सखाराम व चंपा सापडली. लक्ष्मी मात्र सहीसलामत सुटली. शुद्ध जिभेमागे किती निर्दयता वसू शकते, हे दाखविणारे नाटक अशुद्ध जिभेच्या आरोपावरून अडविले जावे, यात नाटकाचा पराभव नसून त्याच्या म्हणण्याचा पुरावाच आहे. त्याच लेखकाच्या ‘गिधाडे’ नाटकातील (१९७०) लुगड्यावरचा रक्ताचा लाल डाग आक्षेपामुळे निळा करण्यात आला, आणि तो लाल समजावा अशी विनंती प्रेक्षकांस करण्यात आली. निळा डाग पाहून कोणाची नीती सुधारली, हे आम्हांस कळत नाही.

याच्या उलट, ज्यांत एकही शिवी नाही, परंतु प्रत्येक वाक्यास दुसरा अर्थ आहे, प्रत्येक दुसऱ्या अर्थाचे लक्ष्य शेजारीण, मेहुणी किंवा मोलकरीण आहे, आणि प्रत्येक हशा कोणा स्त्रीच्या देहावरून वसूल केलेला आहे, अशी प्रहसने रीतसर प्रमाणपत्र घेऊन सहकुटुंब पाहिली जातात. आमची कसोटी म्हणून अशी आहे. नाटकातील आक्षेपार्ह भाग प्रेक्षकास काही समजावा म्हणून आला आहे, की त्याला गुदगुल्या व्हाव्या म्हणून विकावयास ठेवला आहे? आणि हशा पिकतो तो बलवानावर, की दुबळ्यावर? या दोन प्रश्नांस ज्या नाटकाचे उत्तर समाधानकारक असेल, त्याची भाषा कशीही असो, ते आम्ही सभ्य समजू. नसेल, तर ते कितीही सोवळे नेसून आले तरी आम्ही त्याला ग्राम्यच म्हणू.

आता पहिली समजूत. खाजगी वर्तन शुद्ध नसेल तर कला बाटते, असे म्हणणाऱ्यांस आमचा पहिला प्रश्न असा की, शुद्ध म्हणजे काय हे ठरविणार कोण? श्रीधर कृष्ण कुलकर्णी नावाचा रेठऱ्याचा ब्राह्मण तमाशाचा फड घेऊन पठ्ठे बापूराव झाला आणि महार समाजातील पवळेच्या संगतीने त्याने उभा महाराष्ट्र वेडा केला. त्याच्या जातीने त्याला वाळीत टाकले. त्या काळच्या शिष्टांच्या दृष्टीने त्याची अनीती कोणती होती? तमाशा करणे व खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीच्या स्त्रीशी उघड संबंध ठेवणे. ती जात वरची असती, किंवा संबंध झाकलेला असता, तर एवढा गहजब खास झाला नसता. नीतीच्या नावाने दिलेले निकाल पन्नास वर्षांनी उघडून पाहिले की त्यांतील अर्ध्याअधिकांच्या आत जातीचाच नियम बसलेला आढळतो.

बालगंधर्वांची कथाही अशीच. त्यांच्या सिंधूने, रुक्मिणीने, सुभद्रेने महाराष्ट्रास सौभाग्याचे व शालीनतेचे नवे रूप दाखविले. घरंदाज स्त्रियांनी त्यांच्या लुगड्याची व केशरचनेची तऱ्हा उचलली. पुरुषाने उभी केलेली ती पातिव्रत्याची मूर्ती कोणास बाटलेली वाटली नाही. पुढे गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आल्या, १९५१ साली उभयतांचा विवाह झाला, आणि तोच महाराष्ट्र कष्टी झाला. त्या कष्टाचा भार कोणाच्या माथी बसला? गायकनटाच्या नव्हे, त्या मुसलमान गायिकेच्या. बालगंधर्वांचे दैवत ढळले नाही. १९६४ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. गोहरबाईंस मात्र ‘हिच्यापायी’ या एका शब्दात गुंडाळून ठेवण्यात आले. आम्हांस या दोघांच्या खाजगी आयुष्याचा न्याय करावयाचा नाही. न्याय करणारांनी दोन मापे वापरली, एवढेच दाखवावयाचे आहे.

आणि हेच या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. रंगभूमीच्या नीतीचा दंड आजवर वसूल झाला तो बहुतकरून स्त्रियांकडून. हिराबाई पेडणेकर यांचे ‘संगीत दामिनी’ नाटक १९१२ साली ‘ललितकलादर्श’ने रंगभूमीवर आणले. मराठीत स्त्रीने नाटक लिहावे व ते नामांकित मंडळीने करावे, ही घटना केवढी! पण या बाईंविषयी जे लिहिले-बोलले गेले त्यात नाटकाची रचना, पदांची चाल, पात्रांची योजना यांस किती जागा मिळाली, आणि त्या कोणत्या घरात जन्मल्या व कोणते नाटककार त्यांच्याकडे जात-येत असत यास किती मिळाली, हे पाहिले म्हणजे मान खाली घालावी लागते. जात-येत असलेल्या पुरुषांची नाटके साहित्याच्या इतिहासात गेली. त्या बाई आख्यायिकेत गेल्या.

१ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ हे वर्तकांचे नाटक मुंबईस केले, आणि त्यात ज्योत्स्नाबाई भोळे व पद्मावतीबाई वर्तक यांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या. या दिवसाचे वर्णन ‘कुलीन स्त्रिया रंगभूमीवर आल्या’ असे अभिमानाने करण्यात येते. या वर्णनातील ‘कुलीन’ हा शब्द पाहा. त्याआधी ज्या स्त्रिया फडात, बैठकीत आणि स्त्रियांच्या नाटकमंडळ्यांत उभ्या राहून गेल्या, त्या सर्वांस या एका शब्दाने रंगभूमीच्या बाहेर उभे केले. याहून मौजेची गोष्ट म्हणजे ते नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या ज्या नाटकावरून घेतले, त्याचा विषयच हा आहे की, शीलाचे जे माप स्त्रीस लावता तेच पुरुषासही लावा. नव्वद वर्षे झाली. आम्ही नटींच्या कुलीनतेचे कौतुक करीत राहिलो, आणि नाटकाने विचारलेला प्रश्न तसाच टाकून दिला.

तमाशाचे उदाहरण तर सर्वांत कठोर आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर, १९४८ च्या सुमारास, मुंबईच्या खेर सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशास बंदी केली. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून, वग व लावण्या तपासून घेण्याच्या अटीवर वाट मोकळी करण्यात आली. लावणी रचणारा पुरुष, फडाचा मालक बहुधा पुरुष, पैसे फेकणारा पुरुष, शिट्टी घालणारा पुरुष. पण ‘तमाशात काय असते?’ या प्रश्नाचे उत्तर देताना बोट जाते ते घुंगरे बांधलेल्या बाईकडे. विठाबाई नारायणगावकर प्रयोग चालू असताना पडद्यामागे प्रसूत झाल्या आणि पुन्हा फडावर येऊन उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्र मोठ्या कौतुकाने सांगतो. आम्हांस ती ऐकून कौतुक वाटत नाही, लाज वाटते. पैसे दिले आहेत तेव्हा नाच झालाच पाहिजे, या हट्टाने बसलेल्या प्रेक्षकांपुढे ती माउली उभी राहिली. त्या रात्री अनीती कोठे असेल तर ती रंगमंचावर नव्हती.

इतके म्हटल्यावर कलावंतांच्या गोटातील आमचे मित्र टाळी देण्यास पुढे येतील. परंतु त्यांनी हात जरा आवरावा, कारण आता तिसऱ्या समजुतीची पाळी आहे. ‘कला निराळी, खाजगी आयुष्य निराळे’ हे वाक्य आम्ही वर मान्य केले. पण ‘खाजगी’ या शब्दाच्या आडोशाला जे नेऊन ठेवण्यात येते ते सर्व खाजगी असते काय? दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने काय करावे, कोणी कोणाशी विवाह करावा किंवा मोडावा, हे खाजगी. परंतु तालमीच्या खोलीत दिग्दर्शकाने नवख्या मुलीस भूमिकेच्या बदल्यात काय सुचविले, दौऱ्याच्या बसमध्ये ज्येष्ठ नटाचा हात कोठे गेला, नाही म्हणणाऱ्या नटीचे काम पुढच्या नाटकात कोणास गेले, हे खाजगी नव्हे. तालमीची खोली हे कामाचे ठिकाण आहे, आणि तेथील वर्तन हे व्यवसायाचे वर्तन आहे. विशाखा खटल्यातील १९९७ च्या निकालाने व २०१३ च्या कायद्याने हे तत्त्व कचेरीस, कारखान्यास व रुग्णालयास लावले. रंगभूमीने स्वतःस त्यातून वगळून घ्यावे, असे तिच्यात कोणते पावित्र्य आहे?

२०१८ साली चित्रपट, नाट्य व वृत्तपत्र या क्षेत्रांतील स्त्रिया उघड बोलू लागल्या, तेव्हा ‘माणूस वाईट असेल, पण कलावंत मोठा आहे’ हे उत्तर आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकले. केरळातील चित्रपटव्यवसायातल्या स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी २०१७ साली न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमण्यात आली. अहवाल २०१९ च्या अखेरीस सादर झाला. तो प्रसिद्ध व्हावयास २०२४ चा ऑगस्ट उजाडला. एका नाटकातील एका शिवीवर आठवड्याच्या आत मोर्चा निघू शकतो. शेकडो स्त्रियांच्या भाकरीशी गुंतलेला अहवाल साडेचार वर्षे कपाटात राहू शकतो. नीतिरक्षकांच्या नीतीचे वजन करावयाचे असेल तर ही दोन मापे पुरेशी आहेत.

या ठिकाणी दोन्ही पक्षांच्या चुका एकमेकींस कशा साह्य करतात, तेही पाहण्यासारखे आहे. जो म्हणतो की, धीट भूमिका करणारी नटी मुळातच सैल असते, तो तिची तक्रार ऐकण्यापूर्वीच फेटाळतो. आणि जो म्हणतो की, कलावंतास कोणी प्रश्न विचारू नये, तो तिची तक्रार ऐकण्याचे ठिकाणच ठेवीत नाही. सोवळा व स्वच्छंदी असे हे दोघे वरकरणी एकमेकांचे वैरी. पण त्या मुलीपुढे दार लावून घेताना दोघांचेही हात एकाच कडीवर असतात. चंपेची भूमिका करण्यास नटीने दिलेली संमती ही चंपेच्या भूमिकेपुरती असते, आणि पडदा पडला की ती संपते, ही साधी गोष्ट दोघांसही शिकावयाची आहे.

नटाची अशी आणखी एक जबाबदारी आहे, की जी भूमिकेच्या पाठीमागे लपविता येत नाही. नट हे कळसूत्री बाहुले नव्हे. भूमिका नाकारण्याचा त्याला अधिकार आहे, आणि ती नाकारल्याबद्दल त्याचे पोट मारले जाणार नाही हे पाहणे मंडळीचे कर्तव्य आहे. परंतु भूमिका एकदा पत्करली की ती कशी केली याबद्दल तो उत्तरदायी आहे. लेखकाने लिहिलेला शब्द तो पात्राचा म्हणून बोलतो, की प्रेक्षकांकडे डोळा घालून आपला म्हणून बोलतो? पदरची वाक्ये घालून हशा वसूल करण्याची खोड आमच्या रंगभूमीस जुनी आहे. संहितेत नसलेला आचरट कोटिक्रम जो पन्नासाव्या प्रयोगाला घुसडतो, सहनटीस ठाऊक नसलेली लगट जो टाळ्यांच्या आशेने करतो, त्याने लेखकाचा, सहनटीचा व प्रेक्षकाचा एकदम विश्वासघात केलेला असतो. नटाचे शील तपासावयाचेच असेल तर ते येथे तपासावे. त्यासाठी त्याच्या घरी जाण्याची गरज नाही. तिकीट काढले की पुरे.

एक अवघड शंका उरते, आणि ती आम्ही टाळू इच्छीत नाही. नट जे पात्र करतो त्याचे विचार त्याचे स्वतःचेच असतील तर? गांधीजींच्या मारेकऱ्यास बोलते करणारे नाटक १९९८ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून हा प्रश्न महाराष्ट्रात पुनःपुन्हा निघाला आहे. आमचे उत्तर असे की, नट रंगमंचावरून खाली उतरून सभेत बोलू लागला की तो नट राहात नाही. तो नागरिक होतो, आणि नागरिकास जे उत्तर द्यावयाचे ते त्याला द्यावे, अगदी कडक द्यावे. पण सभेतील भाषणाचा राग नाट्यगृहाच्या काचांवर काढू नये, आणि नाटकातील भाषणाचा जाब ते न लिहिलेल्या नटास विचारू नये. नाटक खोटे असेल तर त्याचा खोटेपणा पुराव्याने दाखवावा. ते काम दगडाने होत नाही.

कायद्याकडून या कामी फारशी आशा धरण्यात अर्थ नाही. कलकत्त्यास युवराजांच्या भेटीच्या निमित्ताने झालेल्या एका प्रहसनावर सरकारची इतराजी होऊन १८७६ साली नाट्यप्रयोगांचा कायदा झाला. त्यात नीतिभ्रष्टतेचे नाव होते, परंतु तो उपयोगी पडला तो राजद्रोह दाबण्यास. १९०७ साली रंगभूमीवर आलेले खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९१० साली बंद झाले, ते काही कीचकाच्या लंपटपणामुळे नव्हे. कीचक कोण हे प्रेक्षकांनी ओळखले म्हणून. तो कायदा २०१८ साली मोडीत निघाला. परंतु महाराष्ट्रात प्रयोगापूर्वी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे धाडण्याची रीत चालूच आहे. जे मंडळ लाल डागाचा निळा करू शकते, पण तालमीच्या खोलीत काय चालते हे ज्याच्या कक्षेतच येत नाही, ते रंगभूमीच्या नीतीचे रक्षक कसे म्हणवावे?

तात्पर्य, आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. नाटक आक्षेपार्ह वाटले तर ते पाहून, त्याचे नाव घेऊन, त्यातील दोष दाखवून त्यावर तुटून पडावे. त्यासाठी नटाच्या घराचे दार ठोठावू नये. नट व नटी आपल्या घरी कशी राहतात हा प्रश्न त्यांच्या घरच्यांचा आहे, आणि जो हा प्रश्न नटीसच विचारतो व नटास विचारीत नाही, त्याच्या नीतीस आम्ही नीती म्हणत नाही. मात्र नाटकमंडळीने आपल्या छत्राखाली काम करणाऱ्या प्रत्येक स्त्रीपुरुषास निर्भयपणे तक्रार करता येईल व ती ऐकली जाईल अशी व्यवस्था ठेवलीच पाहिजे. आणि ज्या निर्मात्याच्या मंडळीत ती नाही, त्याचे नाटक भक्तिरसाचे असले तरी आमच्या लेखी त्याच्या रंगभूमीस शील नाही. जे प्रेक्षक आजवर नटीचे कूळ विचारीत आले, त्यांनी यापुढे तिकीट काढताना निर्मात्यास एवढे एकच विचारावे की, तुमच्या तालमीच्या खोलीत मुली सुखरूप आहेत काय?